‘एवढं मालवणी करून द्या’ म्हणणाऱ्या सन्माननीय मंडळींस खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या कथाविभागांतील अधिकारी, मालिकांचे व चित्रपटांचे निर्माते आणि त्यांच्या क्रिएटिव्ह टीममधील सर्व मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि गेली चौदा वर्षे पटकथा व संवाद लिहितो. त्यांपैकी पहिली सहा वर्षे गोरेगावात भाड्याच्या खोलीत गेली. नंतर आईच्या आजारपणामुळे गावी आलो आणि इथलाच झालो. गावी आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या कामाचे स्वरूप पार बदलले. आता कथा येत नाही, वनलाइन म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडाही येत नाही. येते ती थेट पूर्ण लिहिलेली पटकथा, संवादांसकट, आणि तिच्याखाली व्हॉट्सअॅपवर एक ओळ असते, ‘सर, एवढं मालवणी करून द्या, सकाळी सातची शिफ्ट आहे.’ गेल्या आठवड्यात असाच निरोप रात्री पावणेदहा वाजता आला. नऊ सीन होते. वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी अर्धी, आणि मोबाइलला रेंज हवी तर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीपाशी जाऊन उभे राहावे लागते, अशा अवस्थेत पहाटेपर्यंत चार सीन लिहून पाठवले आणि पाच परत केले. ते का परत केले, याचे उत्तर सकाळी फोनवर मला नीट देता आले नाही, कारण पलीकडे कलाकार मेकअप करून बसले होते आणि ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे एकच आहे. कथा कोकणात घडणार असेल, तर कोकण जाणणारा लेखक वनलाइन ठरते त्या बैठकीला हवा. घर बांधून झाल्यावर भिंतींना रंगाचा हात द्यावा, तशी बोली तयार पटकथेला देता येत नाही, आणि दिली तर ती दोन पावसाळेही टिकत नाही. माणूस कोणत्या शब्दांत बोलतो हे तो काय बोलायचे टाळतो यावर ठरते, आणि काय टाळायचे हे त्याचे घर, त्याची जमीन आणि त्याचा गाव ठरवतात. हे सगळे मुंबईत ठरून गेल्यावर माझ्यापर्यंत पोचते ते फक्त क्रियापदांचे प्रत्यय बदलण्याचे काम.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. चार वर्षांपूर्वी एका मालिकेसाठी माझ्याकडे वाटणीचा सीन आला होता. ठिकाण, ‘घराचा हॉल’. वेळ, ‘दिवस’. सगळे कुटुंब सोफ्यावर बसलेले आहे, मुंबईहून आलेला थोरला मुलगा उभा राहतो आणि म्हणतो, ‘बाबा, मला माझा हिस्सा हवाय.’ आई तोंडाला पदर लावते, धाकटी सून हातातला ट्रे खाली पाडते, बाबा छातीवर हात ठेवतात. मी याचे मालवणी करायचे म्हणजे ‘माका माझो वाटो व्हयो’ असे लिहायचे. ते वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे. फक्त ते आमच्याकडे कोणी उच्चारत नाही.

का उच्चारत नाही, हे सांगायला थोडे आडवळणाने जावे लागेल. आमच्याकडच्या बहुतेक घरांची जमीन सामाईक असते. सातबारा काढला तर त्यावर बारा-चौदा नावे निघतात, त्यांतली निम्मी माणसे केव्हाच गेलेली असतात आणि त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्या नसतात. एक चुलतभाऊ परळला, एक बडोद्याला, बहिणींची हक्कसोडपत्रे व्हायची राहिलेली. अशा जमिनीत ‘माझा हिस्सा’ हाताला धरून दाखवता येईल असा नसतोच, त्यामुळे तो तोंडाने मागितलाही जात नाही. वाटणी इथे शब्दांआधी वस्तूंत उतरते. एक भाऊ एप्रिलमध्ये येतो आणि दोन कलमांचे आंबे परस्पर कोणाला तरी देऊन टाकतो. एका खोलीला निराळे कुलूप लागते. परसात एका बाजूने हातभर उंचीचा गडगा, म्हणजे दगडांचा बांध, चढतो. चूल वेगळी होते. गणपती मात्र तरीही एकच राहतो, आणि चतुर्थीच्या दिवशी तो कोणी डोक्यावरून आणायचा या प्रश्नापाशी वर्षभराचे सगळे मौन येऊन साचते. कोर्टात जाणारी माणसे आमच्याकडे काही कमी नाहीत, हे मान्य; पण नोटीस येण्याच्या आधीची पाच-सात वर्षे अशी बिनशब्दांची असतात, आणि नाट्य असते ते त्या वर्षांत.

म्हणून मी तो सीन नव्याने लिहून पाठवला. संध्याकाळ. वडील लोट्यावर, म्हणजे ओटीवर, बसून अडकित्त्याने सुपारी कातरत आहेत. मुलगा वाडीतल्या वायरमनला घेऊन खळ्यातून येतो, वायरमन भिंतीकडे पाहतो, हाताने अंतर मोजतो. वडील अडकित्ता थांबवत नाहीत. थोड्या वेळाने मान वर न करता विचारतात, ‘मीटर खंय लावतलस?’ घरात दुसरा वीजमीटर येणार, म्हणजे दुसरे बिल, दुसरे नाव, दुसरे घर. मुलगा उत्तर देत नाही. आतून, वळईतून, आईचा आवाज येतो, ‘पानां घेतंय’, म्हणजे जेवायची पाने वाढायला घेते. वायरमनला कळते की आपण जावे. तो जातो. अडकित्त्याचा आवाज चालू राहतो. एवढाच सीन, दोन वाक्ये.

त्यावर आलेला अभिप्राय मी जपून ठेवला आहे. ‘इमोशन पोचत नाही. मीटरचं काय? हिस्सा शब्द यायलाच हवा.’ प्रसारित झाला तो हॉल, सोफा, ट्रे आणि छातीवरचा हात. या अभिप्रायामागे केवळ अडाणीपणा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्यात व्यवसायाचे एक खरे दुखणे आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात मालिका पाहिली जाते त्यापेक्षा ऐकली जास्त जाते. बाई ओट्याशी पोळ्या लाटत असते, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, आणि तिला पडद्याकडे न पाहता गोष्ट कळावी लागते. नजरेने सांगितलेले तिच्यापर्यंत पोचत नाही, ही तुमची अडचण मी गोरेगावात असताना रोज भोगली आहे. पण ‘मीटर खंय लावतलस?’ हे वाक्य ओट्यापाशी ऐकू येतेच. उलट, दोन भाऊ आणि एक मीटर असलेल्या घरातल्या बाईला ते ‘हिस्सा’ या शब्दापेक्षा आधी कळेल, आणि ती लाटणे हातात घेऊन दारात येईल असे मला वाटते. हे माझे वाटणे आहे. ते खरे की खोटे हे तपासण्याची संधी तो सीन चित्रित न झाल्यामुळे गेली.

आता साखळीकडे पाहू, कारण दोष कोणा एका माणसाचा नाही. मालिकेची मूळ कथा वाहिनीकडून मंजूर होते, मग महिन्या-दोन महिन्यांचे ट्रॅक, म्हणजे कथानकाचे टप्पे, ठरतात, ट्रॅकमधून एकेका भागाचा वनलाइन निघतो, तो पुन्हा मंजुरीला जातो, त्यावर पटकथालेखक सीन पाडतो, संवादलेखक त्यांत बोलणे भरतो, आणि तिथून पाने सेटवर जातात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून जेमतेम २२ मिनिटांचा मजकूर लागतो, आठवड्याला सहा आणि कधी सात भाग लागतात, आणि सुरुवातीला जमवलेली भागांची बँक गणपती-दिवाळीपर्यंत संपलेली असते. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात. आकडा घसरला की त्याच दिवशी संध्याकाळी ट्रॅक फिरवण्याची बैठक होते आणि शुक्रवारी लिहिलेला सीन शनिवारी उभा राहतो. या धावपळीत प्रत्येक जण आपल्यापुढे आलेले पान पुढे ढकलतो, आणि बोली जाणणारा माणूस या रांगेत सर्वांत शेवटी उभा असल्यामुळे त्याच्या वाट्याला वेळही शेवटचाच, म्हणजे रात्री पावणेदहा ते पहाटे पाच, एवढा येतो.

यातून एक मजेशीर तांत्रिक भानगडही होते, ती लेखकाशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. साधारण एका पानाला एक मिनिट असा आपला हिशेब असतो. पुस्तकी मराठीत लिहिलेला तीन मिनिटांचा सीन मालवणीत नीट केला तर दोन मिनिटांत संपतो, कारण आमची माणसे प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतात आणि वाक्य अर्ध्यावर सोडतात. मग सेटवरून फोन येतो, ‘सर, लेंथ कमी पडतेय, अजून थोडं घाला.’ घालायला काही नसते. म्हणून मग ‘येवा, कोकण आपलाच असा’ घातले जाते.

आमच्याकडे पटकथालेखनाची एक जुनी रीत आहे, ती तुमच्यापैकी कोणी जवळून पाहिली आहे का, हे मला माहीत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळापुढे दशावतार, म्हणजे पुराणकथांचे आमचे लोकनाट्य, उभा राहतो. खेळाआधी तासभर देवळाच्या मागच्या पडवीत गेलात, तर नट पेटाऱ्यांवर आरसा टेकवून स्वतःचे तोंड स्वतः रंगवताना दिसतील. तिथेच कंपनीचा मुख्य नट त्या रात्रीचे आख्यान सांगतो. कोणते आख्यान, पहिला प्रवेश कोणाचा, कोण कोणाला कुठे भेटणार, युद्ध कधी, शेवट कशावर, एवढेच. हातात कागद नसतो. बोलायचे काय हे कोणी सांगत नाही. ते ज्याचे त्याने रंगमंचावर उभे राहून, समोरच्या नटाचे ऐकत, हार्मोनियम आणि मृदंगाच्या साथीने रचायचे असते. रात्रभराचा खेळ या तोंडी वनलाइनवर उभा राहतो. तो उभा राहू शकतो याचे कारण वनलाइन सांगणारा आणि संवाद बोलणारा यांचे पुराण एक असते, प्रेक्षक एक असतो, आणि आख्यान सांगताना मुख्य नटाला कोणता नट किती पेलेल हे पक्के ठाऊक असते. लिहिणाऱ्याला बोलणारा माहीत असणे, हे आपल्या धंद्यातले पहिले भांडवल आहे असे मी मानतो, आणि ते माझ्या गावातल्या, दिवसा बागायत करणाऱ्या नटांकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर दशावताराचाच एक दोषही इथे कबूल केला पाहिजे. त्यातले राजे आणि देव भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. मालवणी येते ती संकासुराच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी. म्हणजे बोली हसण्यासाठी आणि पुस्तकी भाषा मानासाठी, ही वाटणी तुम्ही शोधून काढलेली नाही. ती आमच्याच देवळापुढे शेकडो रात्री वाजतगाजत झालेली आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले, ते नेमके ही वाटणी उलटवून. गावातल्या हौशी नाटकातले कौरव-पांडव मालवणीत बोलू लागले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेले. त्यानंतर बोली कळत नाही हे कारण कोणाला पुढे करता येऊ नये. पण त्या यशाचा दुसरा परिणाम असा झाला की, मालवणी म्हटले की हशा हवाच, अशी निर्मात्यांची खूणगाठ बसली. ज्या भाषेत माझ्या आईने डॉक्टरांना आपले दुखणे सांगितले, ती भाषा मालिकेत घरगड्यापुरती उरते, आणि त्याच घरातला मालक मात्र सदाशिव पेठेत बोलावे तसे बोलतो. बाप-लेकाची, धनी-गड्याची भाषा इथे एकच असते. फरक असतो तो कोण किती कमी बोलतो याचा.

पटकथेतल्या लहान चुकांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या एका फोनने सुधारता येतात. भाद्रपदात नायिकेने झाडावरून पिकलेला हापूस काढला होता. जुलैच्या सीनमध्ये ट्रॉलर बंदरातून समुद्रात निघाला होता, जेव्हा १ जूनपासूनच पावसाळी मासेमारी बंदी लागलेली असते आणि होड्या माडांच्या झावळांखाली झाकलेल्या असतात. एका चित्रपटात नायक एकटा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढतो असे लिहून आले होते. रापणीचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायला अख्खी वाडी लागते आणि मासळीचे वाटे पडतात, तेव्हा ‘एकटा नायक’ हीच कल्पना तिथे बसत नाही. ‘आई’ शब्द दिसेल तिथे ‘आवस’ घाला, अशी सूचनाही एकदा आली होती. आवस हा शब्द आईविषयी बोलताना येतो. आईला हाक मारताना ‘गे आये’ म्हणतात. माझ्या सूचनेनंतरही ते पात्र सव्वाशे भाग आपल्या आईला तोंडावर ‘आवशी’ म्हणत राहिले.

लहान चुकांपेक्षा मला जास्त सलते ते हातची गेलेली साधने पाहून. देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्याचेच घ्या. कोकणातल्या प्रत्येक मालिकेत एक गाऱ्हाणे असते, आणि ते चवीपुरते, विनोदासाठी असते. पण पटकथालेखकाचा सर्वांत कटकटीचा प्रश्न कोणता, तर प्रेक्षकाला मागची माहिती कशी द्यायची. कोण कोणाचा कोण, कोण आजारी आहे, कोणाचे लग्न मोडले, मुंबईहून कोण आणि कशासाठी आला. आपण त्यासाठी दोन बायकांना भाजी निवडायला बसवतो आणि दोघींना आधीच ठाऊक असलेले त्यांच्याकडून बोलवून घेतो. गाऱ्हाण्यात ही सगळी माहिती देवाला मोठ्याने, सर्वांसमक्ष, नावानिशी सांगावीच लागते, आणि घरचे सगळे हात जोडून उभे असतात. गाऱ्हाणे घालणारा एखादे नाव वगळतो, किंवा ‘घरात जो काय वाद झालो असात’ एवढे म्हणून पुढे सरकतो, आणि त्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना एका माणसाचा आवाज निघत नाही. यापेक्षा चांगला पहिल्या भागाचा पहिला सीन मला सुचत नाही. तो मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुचवला आहे. तिन्ही वेळा माझ्याकडे पटकथा तयार होऊन आलेली होती, त्यामुळे सुचवण्याला अर्थ नव्हता.

आता पैशाचे बोलतो. ‘मालवणी करून देण्याचे’ पैसे पानावर मिळतात, संवादलेखनाच्या दराच्या तुलनेत ते किरकोळ असतात, आणि आमच्या व्यवसायात प्रसारणानंतर ९० दिवसांनी मानधन देण्याची जी रीत पडली आहे तीच याही पैशांना लागू होते. एका निर्मात्याकडची माझी रक्कम मालिका बंद पडल्यावर अकरा महिन्यांनी आली, तीही तिथल्या अकाउंटंटला माझी दया आली म्हणून. श्रेयनामावलीत नाव नसते. असलेच तर ‘विशेष आभार’मध्ये, ज्यांच्या अंगणात शूटिंग झाले त्या घरमालकांच्या आणि नाश्ता पुरवणाऱ्या खानावळीच्या मधोमध. मला त्या दोघांचाही आदरच आहे. पण माझ्या बिलातून १० टक्के टीडीएस व्यावसायिक सेवेचा म्हणून कापला जातो, म्हणजे आयकर खात्याच्या लेखी मी व्यावसायिक आहे आणि पडद्याच्या लेखी शेजारी. राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांत कथा, पटकथा आणि संवाद यांना वेगवेगळी पारितोषिके असतात. बोलीतले संवाद ज्याने प्रत्यक्ष लिहिले, त्याचे नाव प्रवेशिकेवर संवादलेखक म्हणून यायला नको का?

कायद्याने हा प्रश्न आपण समजतो तितका मोकळा सोडलेला नाही. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमाच्या १९ व्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी झाले तरच वैध ठरते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. २०१२ ची दुरुस्ती, जिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेरही मोठा आग्रह धरला होता, तिने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा त्याला सोडूनही देता येणार नाही अशी तरतूद केली. तो वाटा फक्त वारसांकडे किंवा प्रताधिकार संस्थेकडे जाऊ शकतो. ५७ वे कलम तर हक्क विकल्यानंतरही ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत ठेवते. यांपैकी एकही गोष्ट व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके सर, डन’ने मिटत नाही. आणि १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसत्या कल्पनेवर किंवा विषयावर कोणाचा प्रताधिकार नसतो. तो असतो त्या कल्पनेच्या मांडणीवर. त्या वाटणीच्या सीनला हे लावून पाहा. भावाने हिस्सा मागणे ही कल्पना, ती कोणाच्याही मालकीची नाही. वायरमन, मीटर, अडकित्ता आणि ‘पानां घेतंय’ ही मांडणी. ती ज्याच्याकडून हवी आहे, त्याला तुम्ही भाषांतरकाराच्या दरात बोलावता आहात.

नवोदितांसाठी एवढेच सांगतो की, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवली म्हणजे तारखेचा एक पुरावा हाती राहतो, तेवढे काम कथा दाखवायला मुंबईची गाडी पकडण्याच्या आधी करावे. तेवढा पुरावाही नसल्यामुळे पस्तावलेले दोघे जण माझ्याच तालुक्यात आहेत.

एक गैरसमज मात्र माझ्याबद्दलही दूर करायला हवा. मला कोकण कळते असे तुम्ही धरून चालता. ते खरे नाही. मला माझी बाजू कळते. दोन वर्षांपूर्वी गुहागरची एक कथा माझ्याकडे ‘तेच ना कोकण’ म्हणून आली होती. रत्नागिरीच्या बाजूला संगमेश्वरी बोलतात, किनाऱ्यावरच्या काही वस्त्यांत दालदी बोलतात, वर रायगडात आगरी. तिथे दशावताराऐवजी नमन-खेळे आणि जाखडी असते, आणि माझी मालवणी तिकडच्या माणसाच्या तोंडी घातली तर ती तुम्हाला नाही, पण त्याला तत्काळ खटकते. मी ते काम तिकडच्या एका शिक्षकाकडे पाठवले. त्याला पहिल्यांदा विचारण्यात आले ते असे, ‘रात्रीत होईल ना?’

तेव्हा माझी विनंती आहे ती अशी. ज्या मालिकेची किंवा चित्रपटाची कथा या किनाऱ्यावर घडते, तिच्या कथाविस्ताराच्या टप्प्यावर त्या भागातला एक लेखक, सहायक म्हणून का होईना, करार करून घ्यावा. पहिले ट्रॅक ठरण्याआधी पटकथालेखकाला पंधरा दिवस त्या गावात राहण्याचे पैसे द्यावेत. बंगल्याचा सेट उभा करण्याच्या खर्चापुढे ते कोणाच्या नजरेत भरणार नाहीत. संवाद बोलीत असतील तर ते लिहिणाऱ्याचे नाव संवादलेखकाच्या ओळीत यावे. मालिकेचा वेग मला माहीत आहे, त्यामुळे प्रत्येक भागाचा वनलाइन माझ्याकडून तपासून घ्या असे मी म्हणत नाही. घर, जमीन, नाती आणि गावचे वर्ष एकदा नीट बसले की पुढचे शंभर भाग त्यांवर चालतात, आणि मग रात्रीचे फोनही कमी होतात. हे सगळे आधी मानाचि या आपल्या लेखक संघटनेत बोलावे असे काही मित्रांनी सुचवले. तिथेही बोलेन, पण पाने तुमच्याकडून येतात, म्हणून पत्र तुम्हाला.

राहिले ते परत केलेले पाच सीन. त्यांतल्या दोनांत मर्तिकाच्या घरात तिसऱ्या दिवशी गोडाचे जेवण वाढले आहे. ते बदलून आल्याशिवाय भाषेला हात लावता येत नाही. एकात सरपंचबाई पोलिसांना ‘साहेब, न्याय द्या’ असे म्हणतात; त्या बाईंचे आडनाव आणि वाडी कळवावी, म्हणजे त्या काय म्हणतील ते लिहितो. उरलेले दोन एकमेकांना जोडून आहेत. भांडून गेलेला मुलगा सहा वर्षांनी घरी येतो, आणि पुढच्या सीनमध्ये तो आईशी बोलत बसला आहे. पटकथेत लिहिले आहे, ‘तो दारातून आत येतो.’ आमच्या घरांना पुढे खळे आणि लोटा असतो, तिथे वडील बसलेले असतात; मागे परसातून मागीलदार असते, तिथे आई भांडी घासत असते. तो पुढून आला तर पहिले वाक्य वडिलांचे, किंवा वडिलांनी न बोललेले. मागून आला तर आईचे, आणि वडिलांना तो आल्याचे ताटांच्या संख्येवरून कळेल. दोन्ही प्रकारे संवाद लिहून देण्याची माझी तयारी आहे. तो कोणत्या दाराने येतो, तेवढे बुधवारपर्यंत कळवावे.

आपला,
एक पटकथा-संवादलेखक
वेंगुर्ले तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग